आर्किटेक्टची फी वाचवायला गेलो आन् घराला तडे गेले

लातूरजवळ कुणी बांधकाम काढायलेत का, तर हे वाचा आन् घरच्यांनाही दाखवा.

आमचं मूळ गाव औसा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात आमच्या दगडमातीच्या घराची एक भिंत पडली, कुणाला लागलं नाही पण नाना त्या दिवसापासून दगडाच्या भिंतीखाली झोपले नाहीत, पत्र्याच्या खोलीतच राहिले. त्यामुळं 2022 ला प्लॉटवर घर बांधायचं ठरलं तेव्हा नानांचं एकच म्हणणं होतं, कॉलम-बीमचं पक्कं बांधकाम पाहिजे.

एका आर्किटेक्टनं 60 हजार फी सांगितली. आम्हाला ती लई वाटली. तेवढ्यात ओळखीतून एक गुत्तेदार भेटला, बोर्डावर आर्किटेक्ट लिहिलेलं, म्हणला नकाशा फुकट, परवानगी मी काढतो, मटेरियलसकट 1,650 रुपये फूट, तुम्ही फक्त वास्तुशांतीला या. आम्ही भुललो. आता कळतंय की नकाशा काढणारा तोच, बांधणारा तोच आन् बिल लावणाराही तोच, मग काम तपासणार कोण.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आन् उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतात आपण रोज बघतो पण घर बांधताना इसरतो. आमच्या प्लॉटवर मुरूम 8-9 फुटांवर आहे, शेजारच्यांच्या खड्ड्यात दिसला होता. यानं 4 फूट खोदलं आन् काळ्या मातीवरच पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) टाकून फुटिंग, म्हणजे कॉलमचे पाये, भरले. मी विचारलं तर म्हणला दादा, एका मजल्याला एवढं बास होतंय. मी ऐकून घेतलं, कारण उलट विचारायला मला माहितीच नव्हती.

पहिला पावसाळा गेला, उन्हाळा लागला आन् खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरपे तडे निघाले, मागची फरशी खचली, देवघराचं दार लागंना. तो म्हणला प्लास्टरचे तडे आहेत, पुट्टी मारा. नंतर फोन उचलणंच बंद.

मग आम्ही खऱ्या आर्किटेक्ट बाईंकडं गेलो, त्यांनी सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर आणले. माझ्या मोबाईलमध्ये बांधकामाचे फोटो होते, कौतुकानं काढलेले. त्यांनी फोटो मोठा करून बाजूच्या विटेच्या लांबीवरून कॉलमच्या रिंगांचं, म्हणजे उभ्या गजांभोवतीच्या लोखंडी कड्यांचं, अंतर काढलं, जवळपास फूटभर, लई लांब! रिंगांचे हूक पण नुसते काटकोनात वळवलेले, 135 अंशात वळवून आत घ्यायला पाहिजेत, नाहीतर भूकंपाच्या हादऱ्यात रिंग उघडते आन् उभी गजाळी मोकळी होते. किल्लारीच्या जिल्ह्यात हे काम, आन् नानांनी काय मागितलं होतं ते वर लिहिलंच आहे. त्यांच्यासमोर मला मान वर करता आली नाही.

बिलाची तऱ्हा तीच. बांधकाम 1,100 फूट, बिल 1,290 फुटांचं, ओटा, बाहेरचा जिना, कंपाउंडचा पाया सगळं त्याच रेटनं मोजलेलं. म्हणजे फक्त त्या 190 फुटांचेच 3 लाखांच्या वर गेले. परवानगीच्या नकाशावर शिक्का दुसऱ्याच माणसाचा, आन् ऑफिसात चौकशी केली तर फाईल दाखलच नाही.

तो गुत्तेदार आर्किटेक्ट नव्हताच. 1972 च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणता येत नाही. नोंदणी नंबर CA या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. तो मागा, कौन्सिलकडं खरा आहे का बघा, मगच ॲडव्हान्स द्या. आर्किटेक्ट गुत्तेदाराचा माणूस नको, तुमच्याकडून फी घेणारा पाहिजे, म्हणजे मोजमाप आन् बिल तो तुमच्या बाजूनं तपासतो. कॉलम आन् गजाळीचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं घ्या.

आम्ही पोलिसात तक्रार दिली आहे. येत्या उन्हाळ्यात कॉलमला जॅकेटिंग (बाहेरून गज आन् काँक्रीटचं नवं आवरण) करायचं आहे, तोपर्यंत नाना पुन्हा पत्र्याच्या खोलीत आहेत. तुमचं खोदकाम चालू असंल तर उद्या सकाळीच जाऊन खड्ड्यात उतरा, खाली मुरूम लागला नसंल तर पीसीसी टाकू देऊ नका, गुत्तेदार कितीही घाई करो.