कॅबिनेटला घरी बसवलेली ॲक्रिलिकची खिडकी: दिवाळी ते दसरा वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्या कॉम्प्युटरच्या जुन्या पोलादी कॅबिनेटच्या डाव्या पत्र्याला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकची, खिडकी बसवली. परवा दसरा झाला. पुण्याची थंडी, एप्रिल-मेचा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा तिने काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नवी असताना कोणतीही खिडकी छानच दिसते.

सध्या टफन्ड (तापवून मजबूत केलेल्या) काचेची कॅबिनेट्स सगळीकडे मिळतात, मग पत्रा कापायची दगदग कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. माझं कॅबिनेट जाड पत्र्याचं आहे, आत चार हार्ड डिस्कची जागा आहे, डीव्हीडी ड्राइव्हही बसतो. असं आता सहज मिळत नाही आणि ते टाकून द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती. त्याच पत्र्यात काच बसवणंही जमलं नसतं. साधी काच फुटली तर तिचे सुरे होतात आणि टफन्ड काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. सगळी मापं आधीच अचूक द्यावी लागतात. ॲक्रिलिकचं वजन तेवढ्याच काचेच्या निम्म्याहून कमी असतं आणि ९२ टक्क्यांच्या आसपास प्रकाश त्यातून आरपार जातो. पॉलिकार्बोनेट हे दुसरं पारदर्शक प्लॅस्टिक जास्त चिवट, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात, वरचा थर चांगला नसेल तर उन्हाने ते पिवळं पडतं आणि लेझरने कापताना कडा करपतात. ३ मिमीचं ॲक्रिलिक घेतलं.

ते मिळतं नेमप्लेट आणि दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे. मोठ्या शीटमधून उरलेले तुकडे त्यांच्याकडे पडलेले असतात. त्यातलाच एक मागावा आणि लेझरने मापात कापून घ्यावा. कडा गुळगुळीत येतात, घासत बसावं लागत नाही. स्क्रू, नायलॉनचे वायसर, कानस वगैरे बोहरी आळीत मिळालं, एलईडीची पट्टी तपकीर गल्लीत. गाडीच्या दाराच्या कडेला लावतात ते रबरी बीडिंग गाडीच्या सामानाच्या दुकानातून आणलं. जिगसॉ, म्हणजे पातं वरखाली चालणारी विजेची करवत, ओळखीच्या सुताराचा. सगळं मिळून हजाराच्या आत बसलं.

कापण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खिडकी चांगली की वाईट ते इथेच ठरतं. पत्रा कॅबिनेटपासून काढून दुसऱ्या खोलीत, शक्यतो गच्चीवर न्यावा. लोखंडाचा कीस मदरबोर्डवर एक कणभर जरी पडला तरी शॉर्ट होऊ शकतो. पत्र्याच्या चारही बाजूंनी निदान चार सेंटिमीटर पट्टा सोडावा. दुमडलेली कड आणि आतल्या खाचा तिथे असतात आणि तो पट्टा बारीक झाला की पत्रा लुळा पडतो. कोपरे काटकोनात कापू नयेत. आधी चारही कोपऱ्यांत होल सॉने गोल भोकं पाडावीत आणि मग सरळ रेषा जिगसॉने, लोखंडासाठीच्या बारीक दातांच्या पात्याने जोडाव्यात. गोल कोपऱ्यावर बीडिंग सुरकुती न पडता वळतं. मास्किंग टेप लावून त्यावर रेषा आखली तर रंगावर ओरखडे येत नाहीत.

खिडकी कुठवर न्यायची हे मात्र कॅबिनेट बघून ठरवा. माझ्या पत्र्याला ग्राफिक्स कार्डच्या समोर जाळी आहे. तिला मी हात लावला नाही, खिडकी तिच्या वरच संपते. जाळी झाकली असती तर कार्डला गार हवा कमी मिळाली असती. ती तशीच राहिल्यामुळे प्रोसेसर आणि कार्ड दोन्हीचं तापमान आधीइतकंच आहे. गेम खेळताना एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे होतो, तेवढा तर खोलीतल्या हवेनेही होतो. कॅबिनेटमधली उष्णता मुख्यतः पंख्यांच्या हवेबरोबर बाहेर पडते, पत्र्यातून फारशी नाही. त्यामुळे “प्लॅस्टिक लावलं की आत भट्टी होते” हे ऐकलं असेल तर ते मनातून काढून टाका.

ॲक्रिलिक आतल्या बाजूने बसवलंय, दहा स्क्रू लावून. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडा. ॲक्रिलिक तापलं की पोलादाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं. माझा तुकडा ४० सेंमी लांब आहे. डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यात चालू मशीनचं पोट यांच्यात २५ अंशांचा फरक धरला, तर दोघांच्या वाढीत अर्ध्या मिलीमीटरहून जास्त तफावत पडते. भोक घट्ट असेल तर हा ताण भोकाच्या कडेवर येतो आणि तिथून बारीक तडा निघतो. मी ३ मिमीच्या स्क्रूला साडेचार मिमीचं भोक ठेवलं, दोन्ही बाजूंनी नायलॉनचा वायसर घातला आणि बोटांनी आवळून वर पाव फेरा दिला. अजून एकही तडा नाही. कोथरूडला राहणाऱ्या मित्राने फक्त दुहेरी चिकटपट्टीवर खिडकी लावली होती. मे महिन्यात गोंद मऊ झाला आणि अख्खा तुकडा आत ग्राफिक्स कार्डवर कलंडला. पंख्याची पाती वाचली हे नशीब. पट्टी वापरा, पण वजन स्क्रूवर राहू द्या.

आवाजाची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते आणि सैल पत्रा त्या सुरात गुणगुणायला लागतो. पत्रा आणि ॲक्रिलिकच्या मधे रबराची पातळ पट्टी घातली आहे. खिडकीवर तळवा टेकवला तर कंप जाणवतो, पण कानाला काही येत नाही. पत्रा पूर्वी रात्री वाजायचा, तो उलट आता शांत आहे.

पावसाळ्यात कापलेल्या कडेची परीक्षा होते. पत्र्यावरचा रंग तिथे निघालेला असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या घरात दारं फुगून लागत नाहीत इतका दमटपणा असतो. बीडिंग चढवण्याआधी कडेला रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या लाल रंगाचे) दोन हात दिले होते. गेल्या आठवड्यात बीडिंग सोडून पाहिलं, कड स्वच्छ आहे. फक्त एका स्क्रूच्या भोकाशी तांबूस ठिपका दिसला. तिथे पॉलिश पेपर मारून नेलपेंटचा थेंब सोडला. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या.

सफाईत सगळ्यांची फसगत होते ती काच पुसायच्या स्प्रेने. अमोनिया किंवा स्पिरिट असलेलं काहीही ॲक्रिलिकला लावू नका. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ओलं फडकं, बस. कोरडं फडकं घासलं तर एक तर धुळीचे ओरखडे उठतात, शिवाय स्थिर वीज तयार होऊन पुसल्यावर पाच मिनिटांत पुन्हा धूळ चिकटते. खंडेनवमीला आईने पूजा करताना खिडकीवरच हळदकुंकू लावलं. तेही ओल्या फडक्याने अलगद टिपून घेतलं, डाग राहिला नाही. महिनोन्‌महिन्यांच्या पुसण्याने काही केसासारखे ओरखडे आलेच आहेत. दिवसा दिसत नाहीत, आतला दिवा लावला की तिरप्या प्रकाशात दिसतात. गाडीच्या रबिंग कंपाउंडने त्यातले बरेचसे गेले.

आता खऱ्या फायद्याकडे येतो. आमच्या सोसायटीसमोर बांधकाम चालू आहे. धूळ किती बसते हे पूर्वी पत्रा उघडल्यावरच कळायचं, म्हणजे दिवाळीला नाहीतर मशीन तापून बंद पडल्यावर. आता प्रोसेसरच्या कूलरच्या पंख्यामागे, त्याच्या पातळ पत्र्यांच्या फटीत करडा थर धरायला लागला की बसल्या जागेवरून दिसतो आणि त्याच रविवारी ब्लोअर मारला जातो. या उन्हाळ्यात मशीन एकदाही तापून बंद पडलं नाही. मार्चमध्ये मागचा १२० मिमीचा पंखा सुरू होताना अडखळताना दिसला. दोन हिसके द्यायचा आणि मग फिरायचा. आवाज नव्हता, त्यामुळे बंद पत्र्याआड हे कधीच कळलं नसतं. ऊन वाढायच्या आत तो बदलला.

आणि एकदा रात्री खिडकीतून ग्राफिक्स कार्डच्या वर काहीतरी हललेलं दिसलं. वाकून पाहिलं तर बोटभर लांबीची पाल, साउंड कार्डाच्या स्लॉटपाशी मान वर करून बसलेली. मशीन ताबडतोब बंद केलं, बोर्डवरचा हिरवा दिवा विझेपर्यंत भिंतीवरचं बटणही बंद ठेवलं आणि पत्रा काढून, झाडूच्या काडीने हळूहळू तिला बाहेर वळवली. मागच्या एका स्लॉटची झाकणपट्टी कित्येक वर्षांपासून नव्हती, तिथून ती शिरली होती. खिडकीसाठी कापून काढलेला पत्रा जपून ठेवलाच होता. त्यातूनच पट्टी कापली, कानसेने कड मारली आणि ती फट बुजवली. पाल बोर्डवर चिरडली जाऊन मशीन गेल्याच्या गोष्टी दुरुस्तीवाल्यांकडे हव्या तितक्या ऐकायला मिळतात, म्हणून एवढ्यावर निभावलं याचा मला फार आनंद आहे.

दिव्यांबद्दल जास्त लिहीत नाही. १२ व्होल्टची पट्टी पॉवर सप्लायच्या मोलेक्स (चार पिनांच्या) जोडणीतल्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर चालते. आई हॉलमध्येच झोपते म्हणून मधे एक बटण टाकलं आहे आणि रंग पिवळसर घेतला आहे.

बसवण्याआधी एवढं जरूर पाहा: खिडकी डाव्या पत्र्याला येते, म्हणजे कॅबिनेट तुमच्या उजव्या हाताला असेल तरच ती तुम्हाला दिसेल. डाव्या हाताला ठेवत असाल तर ती भिंतीकडे तोंड करून बसेल. आणि प्रोसेसरवर उंच टॉवर कूलर असेल तर आतल्या नटांना जागा उरते का ते मोजून घ्या.

३ मिमीचं ॲक्रिलिक मधोमध दाबलं की थोडं लवतं. त्यामुळे या दिवाळीत ४ मिमीचा तुकडा आणतोय, भोकंही लेझरनेच पाडून. सध्याचा तुकडा लहान करून धाकट्या भावाच्या कॅबिनेटला जाईल. त्याच्या पत्र्यावर खाली पंखा आहे, म्हणून त्याची खिडकी फक्त वरच्या अर्ध्या भागात.