गुहागरच्या समुद्रातून उगवलेला सूर्य आणि माझे ४३,८२३ रुपये

आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे तो लपवायचा मोह व्हायला नको. त्रेचाळीस हजार आठशे तेवीस. नातेवाइकांत अजून "दहा-बारा हजार गेले" असंच चाललंय. खरा आकडा घरच्या चौघांना माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

मोबाईलवर खोली देतो म्हणून पैसे उकळणारे हे लोक कसे लुबाडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं, आणि तेच जास्त बोचतं. सकाळी बडोद्याच्या कमाटी बागेत आमची फिरायला येणारी मंडळी बाकावर बसतात, तिथे "पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो" हे मी स्वतः तीन जणांना समजावलेलं आहे. त्यातल्या एकाने परवा मला तेच वाक्य परत ऐकवलं. हसून नाही, काळजीने ऐकवलं. हसला असता तर बरं झालं असतं.

तर झालं असं. डिसेंबरात काही दिवस बाहेर जायचं ठरत होतं. मुलगा अरु म्हणाला, विमानाने गोवा, तीन रात्री, विषय संपला. मी आडवा आलो. आमचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. आजोबा बडोद्याला आले त्यानंतर घरातलं कोणी तिकडे धड गेलेलं नाही. आणि विमानातून कोकण दिसतं का? खिडकीतून ढग दिसतात. आपल्या गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ म्हटलं. बडोदा ते मुंबई साधारण चारशे किलोमीटर, रात्री ठाण्याला बहिणीकडे मुक्काम. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीत बसायचं, तासाभरात मांडवा. मग अलिबाग, काशीद, मुरुडचा जंजिरा लांबून. आगरदांड्याला गाडी जंगलात चढवायची (नातीला आधी वाटलं झाडांचं जंगल, गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीला तिकडे जंगल म्हणतात) आणि दिघीला उतरायचं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वीला परत जंगल, मग केळशी, आंजर्ले, हर्णे, आणि दाभोळहून धोपाव्याला तिसरी खाडी ओलांडली की गुहागर आलंच. राजपुरीची खाडी, सावित्रीची, वाशिष्ठीची. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, या तीन खाड्या फळ्यावर किती वेळा काढल्या असतील, पण एकही डोळ्यांनी पाहिलेली नाही. कागदावर पेन्सिलीने सगळा रस्ता काढला होता. तो कागद अजून फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे, काढायची हिंमत कोणी करत नाही.

मी भूगोलाचा मास्तर हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गुहागरला उतरायचं कुठे, म्हणून मोबाईलवर "गुहागर समुद्रकिनारी घरगुती राहण्याची सोय" असं शोधलं. नकाशावर एक घर आलं. फोटो चांगले, अभिप्राय चांगले, खाली फोन नंबर. घर खरं होतं, अभिप्रायही खरे होते. नंबर तेवढा कोणीतरी बदललेला होता. नकाशावरचा नंबर बदलायची सूचना कोणीही करू शकतो, हे मला मुलाने नंतर सांगितलं. म्हणून, तो नंबर म्हणजे काही दारावरची पाटी नव्हे. गावातल्या देवस्थानात विचारा, ग्रामपंचायतीत विचारा, ओळखीचा कोणी जाऊन आला असेल त्याला विचारा. हरिहरेश्वर, गणपतीपुळ्याला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची निवासं आहेत, ती त्यांच्याच संकेतस्थळावरून ठरवा. पण नाही, मला घरगुती जेवण आणि सोलकढी पाहिजे होती.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी नम्र. "बोला काका." मी पहिल्याच मिनिटाला आमचं कुलदैवत, आजोबा, बडोदा, सगळं ओकून मोकळा. दुसऱ्या मिनिटाला तो म्हणतो, "अरे वा, आम्ही पण व्याडेश्वरवालेच." आता हे मीच त्याच्या हातात दिलेलं, पण त्या वेळी मला गहिवरून आलं. त्याचं मराठी जरा वाकडं होतं. "तुम्ही कधी पोचणार आहे," "रूम तयार करून भेटेल," असलं काहीतरी. ही शेजारून ऐकत होती, तिने भुवया उंचावल्या. पण मंडळी, आमचं बडोद्याचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडावर हात ठेवून हसतात. मग मी कुठल्या तोंडाने दुसऱ्याच्या मराठीवर शंका घेऊ?

मग त्याने व्हॉट्सॲपवर खोल्यांचे फोटो पाठवले. पाठोपाठ आवाजाचा संदेश. तो मी अजून पुसलेला नाही. त्यात तो म्हणतो: "काका, सकाळी बाल्कनीत चहा घेता घेता समोर समुद्रातून सूर्य वर येताना बघाल, असा व्ह्यू पूर्ण गुहागरमध्ये नाही."

खरंच नाही हो. पूर्ण गुहागरात नाही, पूर्ण कोकणात नाही, कोकणापासून केरळपर्यंत अख्ख्या किनाऱ्याला ज्या बाजूला समुद्र त्या बाजूला सूर्य मावळतो! सहावीच्या पोराला विचारा. एकतीस वर्षं मी सहावीच्या पोरांना हेच विचारत आलो. आणि मी काय उत्तर पाठवलं? "वा!! नातीला फार आवडेल." दोन उद्गारचिन्हं. तो संदेशही तसाच आहे, वेळ दुपारी ३.१६.

फोटोत समोर समुद्र, पाण्यावर केशरी सूर्य आणि काठाला काळ्या दगडांचे ढीग. गुहागरला लांबच लांब वाळूची पुळण आहे, हे मी वाचलेलं होतं. दगड दिसले. नजर त्यांच्यावरून गेली आणि पुढे गेली. मुलाने तो फोटो नंतर शोधून काढला, तर पूर्व किनाऱ्यावरच्या कुठल्याशा हॉटेलचा निघाला. रात्री झोप लागत नाही तेव्हा पैशांचा विचार येत नाही, तो सूर्य डोळ्यांसमोर येतो.

आता पैसे कसे गेले ते सांगतो. दोन खोल्या, तीन रात्री, खोलीला रात्रीचे ३,२००, एकूण १९,२००. निम्मे आधी द्यायचे, म्हणजे ९,६००. हे मी लगेच पाठवले. पाठवताना पडद्यावर घेणाऱ्याचं नाव येतं. कुठल्याशा मोबाईल दुकानाचं नाव आलं. विचारलं मी, अगदीच गाफील नव्हतो. "भाच्याचं दुकान आहे काका, आमच्या गावात नेट जातं." पटलं. का पटलं विचारू नका. भाचा म्हटल्यावर माणूस घरातला वाटतो. पडद्यावर दिसणारं नाव आणि फोनवर बोलणाऱ्याचं नाव वेगळं असलं तर तिथेच फोन ठेवा, भाचा असो की जावई.

मग समुद्राकडच्या खोलीची अनामत ५,०००, निघताना परत. दिले. झाले १४,६००. पाच मिनिटांनी फोन: काका, सिस्टीमने पैसे पकडले नाहीत, तुमचा बुकिंग क्रमांक ६२३, रक्कम एकाच वेळी यायला पाहिजे आणि शेवटी ६२३ पाहिजे. १४,६२३ टाका, आधीचे १४,६०० आपोआप परत येतात. आणि मी टाकले. आज लिहिताना बोटं थांबतात. पण त्या वेळी गोष्ट अशी होती की नाताळाच्या सुट्टीत कोकणात खोली मिळत नाही असं सगळे म्हणत होते, तो मिनिटामिनिटाला "दुसरी पार्टी लाइनवर आहे" म्हणत होता, आणि चौदा हजार आधीच अडकले होते. माणूस पुढे जातो तो मागचे सोडवायला.

चौथा व्यवहार सगळ्यात लाजिरवाणा. परत यायचे पैसे "त्याच खात्यात येत नाहीत, घरातल्या दुसऱ्या कोणाचं खातं द्या." मी हिचा फोन मागितला. ही म्हणाली, "अहो, राहू द्या ना, अरुला येऊ दे संध्याकाळी." मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. त्याने चौकोनी कोड पाठवला, मी हिच्या फोनने तो टिपला, १४,६०० आकडा आला, आणि पिन टाकला. कमाटी बागेच्या बाकावरचा तो उपदेश करणारा मीच. पैसे येण्याऐवजी गेले. हिने शिवणकामाच्या वर्गातून साठवलेले होते.

बेरीज करून बघा: ९,६०० अधिक ५,००० अधिक १४,६२३ अधिक १४,६००.

यानंतर शहाण्या माणसाने काय करावं? सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक १९३० फिरवावा, त्याच क्षणी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जायच्या आत अडवता येतात, उशीर झाला की खातं रिकामं. मी काय केलं? त्याच हरामखोराला फोन करत बसलो. "साहेब जेवायला गेलेत." "काका सर्व्हर डाउन." साडेतीनला शेवटचे पैसे गेले आणि १९३० मी पावणेसहाला लावला, तेही मुलगा घरी आल्यावर. नोंद झाली, तक्रारीचा क्रमांक आला. ते सव्वादोन तास माझ्या माथी. आणि हो, बँकेचा मदत क्रमांकसुद्धा मोबाईलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो तो घ्या. तिथेही हीच टोळी बसलेली असते.

आता पुढचं ऐका, कारण चोर एकदाच लुटतो.

दुसऱ्या दिवशी दहाला बँकेत. खिडकीवरची मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. "पिन तुम्हीच टाकला ना काका?" हो. "मग हा अधिकृत व्यवहार झाला." म्हणजे चोर अनधिकृत, पण चोरी अधिकृत! व्यवस्थापकांच्या केबिनबाहेर पन्नास मिनिटं. आत गेल्यावर त्यांनी मान वर न करता सांगितलं, पोलिसांचं पत्र आणा. खात्याच्या उताऱ्यावर शिक्का तरी द्या म्हटलं, तर तोही पोलिसांच्या पत्राशिवाय नाही.

पोलिसांकडे गेलो. तिथला जमादार म्हणतो, बँकेच्या शिक्क्याचा उतारा आणा, मग अर्ज घेऊ. मी सांगितलं, बँक म्हणते आधी तुमचं पत्र. तो म्हणाला, "ए तो बँकवाळा जाणे." अर्ज गुजरातीत, तीन प्रती. चालेल, गुजराती मला मराठीइतकंच येतं, लिहिला. मग म्हणे त्यात व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक नाहीत. लिहिले. मग म्हणे दोन खाती आहेत तर दोन अर्ज, बाईंना घेऊन या. गुडघा दुखणाऱ्या बाईला रिक्षातून आणलं. तेव्हा साहेब बंदोबस्ताला गेलेले. शेजारच्या बाकावर एक व्यापारी होता, त्याचे सहा लाख गेलेले, त्याची ती पाचवी खेप. त्याने माझा आकडा विचारला आणि ऐकून "बस?" म्हणाला. आणि तो जमादार अर्ज वाचता वाचता मला विचारतो, "काका, आ उमरे दरियो जोवा जवुं'तुं?" हो बाबा, या वयात समुद्र बघायला जायचं होतं. गुन्हा माझाच.

शेवटी शिक्का कसा मिळाला? बँकेतल्या शिपायाचा मुलगा माझा विद्यार्थी निघाला. नियमाने नाही, ओळखीने. ज्याची बँकेत ओळख नाही त्याने काय करायचं?

तीन आठवड्यांनी समजलं की पहिल्या खात्यात २,१४० रुपये अडवून ठेवलेले आहेत, बाकी पुढे दुसऱ्या राज्यात निघून गेले. ते २,१४० सुद्धा हातात यायला कोर्टाचा हुकूम लागेल, असं सांगण्यात आलं. वकील म्हणाले, माझी फी त्याहून जास्त होईल, काका.

मधल्या काळात गुहागरच्या खऱ्या घराचा नंबर मिळाला, ठाण्याच्या बहिणीच्या ओळखीतून. मालकीणबाई साध्या. मी नाव सांगून गोष्ट सुरू केली तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "तुम्ही फोन तरी केलात. गेल्या महिन्यात दोन कुटुंबं सामान घेऊन दारात उभी राहिली. पोरं झोपेत. मी त्यांना काय सांगू?" त्यांच्या अंगणातून समुद्र दिसतच नाही म्हणाल्या, मध्ये सुरूचं बन आहे. त्यांनी पण तक्रार दिली आहे. त्यांनाही शिक्का पाहिजे असं सांगण्यात आलं आहे.

कोणी विचारेल, निघायच्या आधी काय करता आलं असतं? एकच सांगतो. पैसे द्यायच्या आधी त्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगायचं आणि म्हणायचं, फोन हातात धरून घरातून फाटकापर्यंत चालत या, गल्ली दाखवा. खरा माणूस चिडेल, पण दाखवेल. मालकीणबाईंनी मला न मागता दाखवलं. पोफळी, तुळस, ओसरीवर वाळत घातलेली आमसुलं.

दिवेआगरची एक गोष्ट नातीला वाटेत सांगायची ठरवली होती. १९९७ साली तिथे पोफळीच्या बागेत सोन्याचा गणपती सापडला, आणि २०१२ मध्ये दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन दरोडेखोरांनी तो पळवला. ती राहून गेली. तिने परवा विचारलं, "आजोबा, तुमच्या चोराला पण पकडणार का?"

मुलाने "मी सांगत होतो विमानाने जाऊ" असं एकदाही म्हटलेलं नाही. त्याच्या वाटेचं मीच म्हणतो रोज. हिच्या खात्यात पेन्शनमधून दरमहा पाच हजार भरतोय, एक हप्ता झाला.

काल परत गेलो होतो चौकशीला. साहेब रजेवर आहेत. सोमवारी या, म्हणाले, आणि येताना उताऱ्याची अजून एक प्रत आणा, आधीची सापडत नाहीये.