क्यूडी-ओएलईडी मॉनिटर आठ महिने वापरल्यावर: पॅनेलला काय हवं, डोळ्यांना काय हवं

हा अनुभव २६.५ इंची (विकताना २७ म्हणतात), ३८४० × २१६० पिक्सेलच्या, २४० हर्ट्झवर (सेकंदाला २४० वेळा चित्र ताजं करत) चालणाऱ्या क्यूडी-ओएलईडी मॉनिटरचा आहे. क्यूडी-ओएलईडी म्हणजे क्वांटम डॉट या सूक्ष्म कणांनी रंग काढणारा ओएलईडी पडदा. आठ महिन्यांत पडदा साधारण १,७०० तास चालला. बहुतेक वेळ देवनागरी मजकूर वाचणं-लिहिणं, थोडं फोटोंचं रंगकाम, उरलेला वेळ सिनेमे आणि गेम. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढचं जवळजवळ सगळं या जातीच्या कुठल्याही पॅनेलला लागू पडतं.

या पडद्याची गोम अशी, की पॅनेलला अंधार मानवतो आणि वाचणाऱ्या डोळ्याला उजेड. ओएलईडीचा प्रत्येक पिक्सेल स्वतः जळतो आणि स्वतः झिजतो, म्हणून जो तो काळी थीम लावायला सांगतो. डोळ्याचं गणित वेगळं आहे. हे भांडण कसं मिटवायचं यातच आठ महिन्यांतला बराचसा वेळ गेला. पण आधी अक्षरांबद्दल, कारण देवनागरी वाचणाऱ्याला पहिल्या दिवशी तीच खटकतात.

साध्या एलसीडीत प्रत्येक पिक्सेलचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल शेजारी शेजारी उभ्या पट्ट्यांत असतात. क्यूडी-ओएलईडीत त्यांचा त्रिकोण असतो: वर हिरवा, खाली तांबडा आणि निळा. म्हणजे चित्राचा हिरवा भाग बाकी दोन रंगांपेक्षा साधारण अर्धा पिक्सेल वर बसतो. परिणाम आडव्या कडांवर दिसतो. रोमन लिपीत लांब आडव्या कडा कमी. आपल्याकडे प्रत्येक शब्दावर शिरोरेखा! पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत दहापट भिंगातून पाहिलं, तर शिरोरेषेच्या वरच्या कडेला जांभळट-गुलाबी धागा दिसतो आणि खालच्या कडेला हिरवा. काळ्यावर पांढरी अक्षरं केली की रंग उलटे होतात. इंग्रजी परीक्षणांत या दोषाला दोन ओळी मिळतात. देवनागरीसाठी तो पहिला मुद्दा असायला हवा.

भिंगाशिवाय तो किती जाणवतो? या पडद्याची घनता १६६ पीपीआय (एका इंचात १६६ पिक्सेल) आहे. डोळा ६० सेंटीमीटरवर असला, तर दृष्टीच्या एका अंशात साधारण ६८ पिक्सेल येतात. ६/६ नजर म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढी फट ओळखणं, म्हणजे एक पिक्सेल त्या मर्यादेच्या जरा आत येतो. शिवाय रंगांतला फरक ओळखण्यात डोळा उजेड-अंधारातला फरक ओळखण्यापेक्षा बराच ढोबळ आहे. त्यामुळे इतक्या अंतरावर हिरवा-गुलाबी असा रंग दिसतच नाही. पण पांढऱ्याच्या तेजात सुमारे ७२ टक्के वाटा एकट्या हिरव्याचा असतो, तोच सरकलेला असल्याने शिरोरेषेची कड किंचित मऊ, घासल्यासारखी वाटते. ४० सेंटीमीटरवर वाकून वाचलं की रंगही दिसू लागतो. याच आकारात २५६० × १४४० चा पडदा घेतला, तर अंशात ४५-४६ पिक्सेलच येतात आणि मग हा दोष दिवसभर नजरेत सलतो. मजकुराचं काम असेल तर या जातीत ४केच्या (म्हणजे ३८४० × २१६० च्या) खाली जाऊ नये, हे माझं ठाम मत.

उपाय तीन, आणि तिन्ही फुकट. पहिला: विंडोजमधला क्लिअरटाइप हा पट्ट्यांची आडवी रांग गृहीत धरून अक्षरांच्या कडा रंगवतो, त्रिकोण त्याला ठाऊकच नाही. ट्यूनर उघडून क्लिअरटाइप बंद करून बघा. ब्राउझरमध्ये कडा करड्या छटांनी गुळगुळीत होतात आणि निदान उभ्या काठांवर चढवलेला जास्तीचा रंग जातो. काही जुन्या प्रोग्रॅममध्ये मात्र अक्षरं खडबडीत होऊ शकतात, तेव्हा तुमच्या रोजच्या प्रोग्रॅममध्ये पाहूनच ठरवा. मॅकमध्ये २०१८ च्या मोहावेपासून रंगीत कडांची पद्धतच बंद आहे, तिथे हा प्रश्न नाही. दुसरा: फाँटची जाडी एक पायरी वाढवा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त (Mukta) हा फाँट रेग्युलरऐवजी मीडियम जाडीत लावला, की शिरोरेखा दोनच्या जागी तीन पिक्सेलची होते आणि मधला निखळ काळा भाग वाढतो. तिसरा: स्केलिंग २०० टक्के ठेवा. १५० वर जागा जास्त मिळते, पण शिरोरेखा पिक्सेलांच्या मध्ये अडकते आणि एका ओळीत जाड, दुसरीत बारीक दिसते.

आता थीमचं भांडण. काळ्या पार्श्वभूमीवर डोळ्याची बाहुली मोठी होते. बाहुली मोठी झाली की भिंगाचे कडेकडचे दोषही रेटिनावर उतरतात आणि फोकसची मुभा कमी होते. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना पांढऱ्या अक्षरांभोवती फिसकटलेला उजेड दिसतो. ओएलईडीचं काळं खरंच काळं असल्याने तो उजेड लपायला जागाच उरत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बाहुली आकसते आणि बारीक अक्षर टोकदार दिसतं. म्हणून लांब वाचनासाठी उजळ थीमच बरी. काळी हवीच असेल तर पार्श्वभूमी शून्यावर नेऊ नका: ० ते २५५ च्या मापात तिन्ही रंग ३० वर आणि अक्षर २०० च्या आसपास ठेवलं की फिसकटणं पुष्कळ कमी होतं.

मग पॅनेलच्या झिजेचं काय? थीमपेक्षा ब्राइटनेसकडे बघा. झीज ब्राइटनेसच्या प्रमाणात नाही, त्याहून जास्त वेगाने वाढते. ब्राइटनेस निम्मी केली की झीज निम्म्याहूनही कमी होते. डोळ्यालाही पडद्याचा पांढरा शेजारच्या कागदाएवढाच हवा असतो. हिशोब सोपा आहे. टेबलावर ५०० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड असेल आणि कागद त्यातला ८० टक्के परत फेकत असेल, तर कागदाचं तेज ५०० × ०.८ ÷ ३.१४ म्हणजे सुमारे १२७ निट (पृष्ठभागाच्या तेजाचं माप). ३०० लक्सच्या खोलीत ते ७६ वर येतं. मॉनिटर कारखान्यातून २५० च्या घरात लावून येतो. म्हणजे बहुतेक जण डोळ्यांसमोर दुप्पट-तिप्पट उजेड ठेवतात, डोळे दुखले की काळी थीम लावतात आणि पॅनेलही लवकर झिजवतात. मोजायचं यंत्र नसेल तर कोरा कागद पडद्याशेजारी धरा, पडद्यावर रिकामी पांढरी खिडकी उघडा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. डोळ्यांना सवय व्हायला दहा मिनिटं द्या. लगेच बदललं तर पडदा मळकट वाटतो आणि हात पुन्हा वर जातो. दिवसा १२० आणि रात्री ७० निट, उजळ थीम. या आकड्यांवर दोघांचंही समाधान होतं.

खोलीतल्या उजेडाचा आणखी एक मुद्दा आहे. क्यूडी-ओएलईडीवर ध्रुवीकरणाचा थर नसतो. त्यामुळे उजेड थेट पडद्यावर पडला की काळं रंग बदलतं, करडं-जांभळट होतं. समोरून ३०० लक्स पडतोय आणि पडदा त्यातला १ टक्का जरी विखरून परत देत असेल, तरी काळ्याचं तेज ०.९५ निट होतं. १२० निटच्या पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट उरतो सुमारे १२७:१. खोक्यावरचं दहा लाख : १ अंधाऱ्या खोलीतलं आहे. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, बाजूला हवी. दिवा पडद्याच्या मागे ठेवून भिंतीवर सोडा. एवढ्यानेच काळं परत काळं होतं.

लुकलुकण्याबद्दल मोबाइलच्या अनुभवावरून धास्ती असते. अनेक मोबाइलच्या ओएलईडीत ब्राइटनेस कमी करण्यासाठी पिक्सेल काही शे हर्ट्झने चालू-बंद केले जातात. या मॉनिटरमध्ये तसं नाही. प्रत्येक रिफ्रेशला तेज क्षणभर किंचित खाली येतं, एवढंच. घरी तपासायचं असेल तर पडदा पांढरा करा आणि अंधाऱ्या खोलीत पेन्सिल पडद्यासमोर पंख्यासारखी जोरात हलवा. जिथे पूर्ण चालू-बंद होतं तिथे पेन्सिलीच्या सुट्या, धारदार प्रतिमा दिसतात. इथे एकसंध धूसर पंखा दिसतो, त्यात फारच फिक्या रेघा. २४० वरून ६० हर्ट्झवर आणलं की रेघा अंमळ स्पष्ट होतात. ज्यांना लुकलुकीचा त्रास होतो त्यांनी गेम खेळत नसले तरी रिफ्रेश रेट वरच ठेवावा.

खरा त्रास व्हीआरआरचा, म्हणजे फ्रेमनुसार बदलत्या रिफ्रेशचा. पॅनेलच्या छटा ठरावीक वेगावर जुळवलेल्या असतात. वेग एकदम खालीवर झाला की तीच गडद करडी छटा थोडी उजळ, थोडी गडद होते. गेम लोड होतानाच्या काळपट पडद्यावर ही फडफड हमखास येते, आणि ती कडेच्या नजरेला जास्त जाणवते, कारण लुकलुक पकडण्यात नजरेचा परिघ मध्यापेक्षा तरबेज असतो. फ्रेमरेटवर मर्यादा घालून तो स्थिर ठेवा. तरी थांबत नसेल तर त्या गेमपुरतं व्हीआरआर बंद करा. फर्मवेअर बदलून यात फरक पडला नाही.

हालचाल मात्र देखणी आहे, आणि कारण फक्त पिक्सेलचा वेग नाही. डोळा सरकत्या वस्तूमागे सलग फिरतो, फ्रेम मात्र एका जागी थांबून राहते; त्या थांबण्यानेच रेटिनावर चित्र पुसट होतं. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणाऱ्या ओळीला ६० हर्ट्झवर १६ पिक्सेलचा पुसटपणा येतो, १२० वर ८, २४० वर ४. पहिल्या उडीत आठ पिक्सेल वाचतात, दुसरीत चारच. म्हणून १२० वरून २४० चा फरक अनेकांना शोधावा लागतो. याच गुणाची दुसरी बाजू सिनेमात दिसते. २४ फ्रेमच्या चित्रपटात प्रत्येक फ्रेम ४१.७ मिलिसेकंद थांबते. एलसीडीचा आळस तिची कड पुसत असे. इथे फ्रेम झटकन बदलते आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र टप्प्याटप्प्याने अडखळतं. हा बिघाड नाही, दुरुस्तीला नेऊ नका.

रंगकाम करणाऱ्यांसाठी एक सूचना महत्त्वाची. रंगमापक यंत्राने पांढरा अगदी डी६५ या प्रमाणित पांढऱ्यावर (०.३१२७, ०.३२९०) लावला, तरी शेजारच्या एलसीडीपुढे तो वेगळा दिसतो, बहुधा हिरवट-पिवळट. यंत्र चुकत नाही आणि डोळाही नाही. यंत्राचा हिशोब सीआयई या प्रकाश-रंगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ मध्ये ठरवलेल्या प्रमाणित निरीक्षकावर (सरासरी डोळ्याच्या नमुन्यावर) चालतो, आणि वर्णपटाच्या अरुंद पट्ट्यांच्या प्रकाशात त्याचा निळ्याकडचा अंदाज खऱ्या डोळ्यांपासून ढळतो. सोनीने आपल्या स्टुडिओ ओएलईडीसाठी जड (Judd) या शास्त्रज्ञाच्या सुधारित सूत्रावरून ०.३०६७, ०.३१८० हा पांढरा सुचवला होता, तो याच कारणाने. तो आकडा इथे डोळे मिटून लावू नका, ते पॅनेल वेगळं होतं. विश्वासातला पडदा शेजारी ठेवा, दोन्हींवर करडा चौकोन घ्या, नजरेने जुळवा आणि मग जो आकडा येईल तो यंत्रात लक्ष्य म्हणून भरा. यंत्राला क्यूडी-ओएलईडीची वर्णपट दुरुस्तीची फाइल द्यायला विसरू नका. एलसीडीची चालत नाही. मापनाआधी पडदा अर्धा तास तापू द्या. आणि वेबचे फोटो बघताना एसआरजीबी (वेबच्या रंगांच्या मर्यादेतला) मोड लावा, नाहीतर सगळे चेहरे लालबुंद दिसतात.

एचडीआरवर, म्हणजे उजळ-गडदाचा जास्त आवाका दाखवणाऱ्या चित्रावर, थोडक्यात. १००० निटचा मोड ते तेज फक्त पडद्याच्या अगदी छोट्या भागात देतो आणि उजळ दृश्यात सगळं चित्र खाली ओढतो. ४०० निटचा ‘ट्रू ब्लॅक’ मोड सरळ चालतो. डोळ्याला जाणवणारा उजेड ठोकळमानाने तेजाच्या घनमुळाने वाढतो, म्हणजे ४०० चे १००० निट झाले तरी जाणवतं १.३६ पटच. चमचमत्या दिव्यांसाठी अख्खं चित्र मंद करणं मला पटत नाही.

आता झीज. ५० टक्के करड्या पूर्ण पडद्यावर, अंधारात, मधोमध एक अगदी फिकी उभी रेघ दिसते, आजूबाजूपेक्षा किंचित उजळ. दोन खिडक्या शेजारी शेजारी लावायची सवय आणि त्यांच्या मधली काळी फट: तिथले पिक्सेल कमी जळले म्हणून कमी झिजले. मजकुरात ती दिसत नाही, सपाट आकाशात शोधली तर सापडते. तेव्हापासून खिडक्यांची विभागणी रोज थोडी सरकवलेली बरी असं ठरलं. टास्कबार लपवा, पिक्सेल शिफ्ट (चित्र अधूनमधून किंचित सरकवणारी सोय) चालू ठेवा. दर ४ तासांच्या वापरानंतर मॉनिटर पॅनेल रिफ्रेश, म्हणजे पिक्सेलांची झीज सारखी करणारी देखभाल, मागतो. तो पडदा स्टँडबायला गेल्यावर काही मिनिटं चालतो, पण भिंतीवरचं बटण बंद केलं तर चालतच नाही. काम संपल्यावर प्लग काढायची सवय असलेल्यांकडे ही देखभाल आठवडेच्या आठवडे राहून जाते आणि रेघा लवकर उमटतात. पडदा पुसायला मऊ मायक्रोफायबर कापड आणि डिस्टिल्ड पाणी, तेही कापडावर, स्पिरिट नको. वरचा थर मऊ असतो, धुळीचा कण आधी फुंकर मारून उडवला नाही तर पुसतानाच चरा पडतो.