विकिपीडिया की मराठी विश्वकोश? स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांनी कशावर किती भरवसा ठेवायचा

रेशीमबाग घ्या, नंदनवन घ्या, महाल घ्या, नागपुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारी पोरं-पोरी एखादं नाव अडलं की पहिले विकिपीडिया उघडतात, अन् लगेच बाजूचा कोणीतरी म्हणतो, अरे ते कोणीही लिहितं, विश्वकोश पाहा ना. दोघंही अर्धं अर्धं खरं बोलून राहिले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: इतिहास, संस्कृती, विज्ञानातल्या संकल्पना यांच्यासाठी मराठी विश्वकोश, चालू गोष्टींसाठी अन् पुढचे संदर्भ शोधायला इंग्रजी विकिपीडिया, अन् मराठी विकिपीडिया जरूर वाचा पण लेखागणिक तपासून. आता हे असं काहून, ते सांगतो.

दोन्हींचा जन्मच वेगळा आहे. विकिपीडिया सुरू झाला १५ जानेवारी २००१ ला, जिमी वेल्स अन् लॅरी सँगर यांनी केला, पण त्याच्या आधी त्यांचाच न्यूपीडिया नावाचा प्रकल्प होता ज्यात तज्ज्ञांनी लिहायचं, मग सात टप्प्यांत तपासणी व्हायची, अन् वर्षभरात त्याचे दोन डझन लेखही पुरे झाले नाहीत. मग सगळ्यांना लिहायला मोकळं केलं तर २००१ संपता संपता वीस हजाराच्या आसपास लेख झाले, अन् २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने सत्तर लाखांचा आकडा ओलांडला. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टचा एन्कार्टा हा डिजिटल कोश २००९ मध्ये बंद पडला अन् १७६८ पासून छापला जाणारा ब्रिटानिका २०१२ मध्ये छपाई थांबवून फक्त ऑनलाइन राहिला.

आपला मराठी विश्वकोश याच्या बरोब्बर उलट्या वाटेने आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, काम वाईला, पहिला खंड १९७६ मध्ये आला अन् विसावा २०१५ मध्ये. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं! पण नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, बहुतेक ठिकाणी संदर्भग्रंथ असतात, अन् आता सगळे खंड ऑनलाइन फुकट वाचता येतात. आणि नागपूरकरांनी लक्षात ठेवावं असं एक, श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला त्यासाठीचं ज्ञानकोश मंडळ लिमिटेड आपल्या नागपूरचंच. तेव्हाही सरकारच्या भरवशावर न बसता शेअर अन् वर्गणीदार गोळा करून ते काम झालं, त्यामुळे दहा लोकांनी मिळून कोश उभा करणं ही काही आपल्याकडे इंटरनेटने आणलेली गोष्ट नाही.

भरवशाचा विषय निघाला की लोक २००५ चा नेचर मासिकाचा अभ्यास पुढे करतात. त्यात विज्ञानाचे ४२ विषय घेऊन विकिपीडिया अन् ब्रिटानिका दोन्हीकडचे लेख तज्ज्ञांना तपासायला दिले, विकिपीडियात १६२ चुका निघाल्या अन् ब्रिटानिकात १२३, गंभीर चुका मात्र दोन्हीकडे चार-चार. ब्रिटानिकाने नंतर या अभ्यासाच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला, नेचरने तो मान्य केला नाही. पण मला जे महत्त्वाचं वाटतं ते हे की तो अभ्यास फक्त विज्ञानाचा अन् फक्त इंग्रजीचा होता, त्याच्या जोरावर मराठी विकिपीडियावरचा एखाद्या सरदार घराण्याचा लेख विश्वासार्ह ठरत नाही. त्याच वर्षी जॉन सीगेनथॉलर या अमेरिकन पत्रकारावरच्या विकिपीडिया लेखात कोणीतरी केनेडी हत्येशी त्यांचा संबंध असल्याचं खोटंच टाकलं होतं अन् ते चार महिने तसंच राहिलं, कारण तो लेख फारसं कोणी पाहतच नव्हतं. यानंतर इंग्रजी विकिपीडियाने बिनखात्याच्या लोकांना नवीन लेख सुरू करण्याची मुभा काढून घेतली.

सगळा मुद्दा इथेच आहे. गर्दी असलेल्या लेखावर खोटं टाकलं तर बऱ्याचदा काही मिनिटांत उडतं, बॉट म्हणजे आपोआप तपासणारे प्रोग्राम असतात, लेखावर नजर ठेवून बसलेले लोक असतात, वादाचे लेख तर अर्धसुरक्षित, म्हणजे नव्या अन् बिनखात्याच्या लोकांना बदलता येणार नाहीत असे करून ठेवलेले असतात. ओस पडलेल्या लेखावर तेच खोटं वर्षानुवर्षं बसून राहतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, पण नियमित लिहिणारे, तपासणारे हात फार थोडे आहेत. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं २०२० मध्ये असंच उघडकीला आलं, ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन पोराने हजारो लेख मनानेच लिहून ठेवले होते अन् कित्येक वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. मराठीचं इतकं वाईट नाही, पण छोट्या भाषेत पहारा कमी असतो हे धरूनच वाचायचं.

आता आपल्याच नागपूरचं एक उदाहरण घेऊ. नागपूरचं राज्य डलहौसीने कधी खालसा केलं? कुठे १८५३ सापडेल, कुठे १८५४, गाईडमध्येसुद्धा दोन्ही दिसतात. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारसाशिवाय वारले अन् प्रत्यक्ष विलीनीकरण १८५४ मध्ये झालं, म्हणून ही दोन वर्षं. झाशीचंही असंच, गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये गेले अन् राज्य खालसा झालं १८५४ मध्ये. लेखाच्या बाजूच्या माहितीचौकटीतला नुसता आकडा पाहून पाठ केला तर हा फरक कधीच कळणार नाही, नोंद पूर्ण वाचली तर कळतो, अन् सलग लिहिलेली नोंद वाचायला विश्वकोश बरा पडतो कारण लिहिणाऱ्याला कार्यकारणभाव सांगायचा असतो. आता राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर तर हे जास्तच कामाचं आहे.

उलट नागपूर मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, हे २०१५ ला संपलेल्या खंडांत असणारच नाही, लोकसंख्येचे आकडेही त्या त्या खंडाच्या काळातले. विश्वकोशाची ज्ञानमंडळं, म्हणजे विषयवार तज्ज्ञांचे गट, नव्या नोंदी टाकून राहिली आहेत, काम चांगलंय, पण चालू घडामोडींचा वेग ते पकडू शकत नाही अन् त्यांनी पकडावा असंही मला वाटत नाही. तिथे विकिपीडियाच.

विकिपीडिया वापरताना 'इतिहास पहा' वर एकदा तरी दाबाच. एखाद्या सरदाराच्या पराक्रमाचा लेख आहे अन् सगळा मजकूर एकाच खात्याने एकाच दिवशी टाकलाय, खाली एकही पुस्तक नाही, तर तो सोडून द्या. बरेच लोक आहेत, अधूनमधून दुरुस्त्या झाल्यात, चर्चा पानावर वाद झालाय, तर लेख जिवंत आहे. मग वाक्यामागचा छोटा आकडा दाबून संदर्भ उघडा, नुसता आकडा आहे म्हणून समाधान मानू नका. कधी कधी असं होतं की वर्तमानपत्राने विकिपीडियावरून उचललं अन् मग विकिपीडियाने त्याच बातमीचा संदर्भ दिला, म्हणजे पुरावा शून्य. स्वतः विकिपीडियाही सांगतो की आम्हाला स्रोत म्हणून धरू नका, मूळ स्रोताकडे जा. एआयने दिलेल्या उत्तरालाही हेच लागू, त्याची बरीचशी माहिती शेवटी इथूनच आलेली असते.

तर पूर्वपरीक्षेच्या तथ्यांसाठी इंग्रजी विकिपीडिया चालेल पण संदर्भ उघडून, अन् उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची असेल तर विकिपीडियाचा स्क्रीनशॉट न जोडता मान्य पुस्तकाचं पान जोडा. मुख्य परीक्षेच्या टिपणांसाठी विश्वकोशाची नोंद आधी, नोंदीखालच्या ग्रंथांची नावं लिहून घ्या अन् बर्डीवरच्या वाचनालयांत ती मिळतात का पाहा. शाळेतल्या मुलांच्या प्रोजेक्टला विश्वकोशाची भाषा जड जाते, तिथे मराठी विकिपीडियाचा लेख घरच्या मोठ्या माणसाने आधी पाहून मग द्यावा. आणि हातात पुस्तक आहे, मराठी लेखातलं वर्ष चुकलेलं स्पष्ट दिसून राहिलंय, तर 'संपादन' दाबून वर्ष बदला अन् पुस्तकाचं नाव, पान क्रमांक सोबत टाका, तुमच्यानंतर तो लेख उघडणाऱ्या पोराला पुन्हा तीच शोधाशोध करावी लागणार नाही.