सरसकट मनाई की मोकळी विचारपूस?

केमोथेरपी सुरू असताना काढे किंवा आयुर्वेदिक गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला ‘ते सगळे बंद करा’ असे बजावल्याने डॉक्टरांचा वेळ वाचतो. पण पुष्कळदा काढा चालूच राहतो, फक्त त्याविषयीचे बोलणे थांबते. म्हणून मला विचारपूसच अधिक सुरक्षित वाटते. ‘याखेरीज काय घेता, कशासाठी घेता?’ असे पहिल्याच भेटीत शांतपणे विचारले, तर अश्वगंधेसारखी, काहींच्या यकृताला इजा करू शकणारी वनस्पती वेळीच लक्षात येते आणि थकव्यासाठी सौम्य योगासनांना होकारही देता येतो. मात्र कोणी मूळ उपचारच सोडत असेल, तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, न पसरलेल्या कर्करोगासाठी केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, हे त्याला स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे.