फोटो कार्ड छापणारं ॲप: दिवाळी ते पाडवा वापरून झाल्यावर

दिवाळी, संक्रांत, पाडवा अशा तीन सणांना याच ॲपवरून घरच्या फोटोची कार्डं छापून घेतली. नाव देत नाही, कारण कौतुक आणि तक्रार दोन्ही आहे.

आधी कौतुक. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, रंग पक्के. मॅटच घ्या, ग्लॉसीवर बोटं उमटतात आणि पेनाची शाई धरत नाही. फोटो मात्र मूळ फाइलच हवा. ४ बाय ६ इंची कार्डाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. पणत्यांच्या उजेडातला फोटो मोबाइलवर झकास दिसतो, कागदावर काळवंडतो. आधी थोडा उजळून घ्या. आणि चारी बाजूंनी २-३ मिलिमीटर कटिंगला जातं. दिवाळीच्या कार्डात आमच्या भाऊजींचा खांदा असाच गेला.

खरी बोंब मराठी अक्षरांची. तयार डिझाइनमध्ये ‘हार्दिक’ टाइप केलं, प्रिव्ह्यूला बरोबर दिसलं. छापून आलं त्यात रफार गायब, र चा पाय मोडलेला आणि वेलांटी भलतीकडेच! कस्टमर केअरचं उत्तर, ‘फॉन्ट सपोर्ट होत नाही.’ मग आधी सांगायचं की ओ! संक्रांतीला आमच्या सोलापुरातल्या नवी पेठेतल्या डीटीपीवाल्याकडून मजकूर श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून घेतला, त्याची जेपीजी केली आणि फोटो म्हणूनच चढवली. अक्षर न् अक्षर शाबूत आलं. पाडव्यालाही तेच केलं.

संक्रांतीचं कार्ड सगळ्यांत जमलं. आपल्याकडे सोलापुरात संक्रांत म्हणजे गड्डा, सिद्धेश्वरांची यात्रा. त्यामुळे घरातली मंडळी पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात, आणि मागे यात्रेतले उंच नंदीध्वज, असा फोटो निवडला. तो आदल्या वर्षीच्या यात्रेतला, हे उघडच आहे. यात्रेतला अक्षता सोहळा संक्रांतीच्या आदल्या दिवशी, त्याचा फोटो काढून कार्ड संक्रांतीला पोचवायचं म्हटलं तर कसं पोचणार? पुढच्या कार्डाचा फोटो यात्रेतच काढून ठेवावा लागतो. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या पुतण्यांनी हेच कार्ड ऑफिसच्या टेबलावर लावलंय, दिवाळीचं कुठे गेलं विचारू नका.

वेळ सगळा जातो तो पत्त्यांत. कुणालाही विचारा, ‘लोकेशन टाकतो काकू.’ पोस्टमन काय लोकेशन बघून येणार आहे? घर नंबर, सोसायटी, पिनकोड एकेकाकडून उपसून काढावा लागला. सासूबाईंच्या जुन्या वहीतले गावाकडचे पत्ते मात्र पोस्टासकट तयार होते. आता सगळे एका एक्सेल शीटमध्ये आहेत, लेबलं त्यातूनच निघतात. ॲप परस्पर प्रत्येकाच्या घरी पाठवायलाही तयार आहे, पण प्रत्येक पत्त्याचं कुरिअर वेगळं लावतं. त्यापेक्षा गठ्ठा घरी मागवून पोस्टात टाकणं कितीतरी स्वस्त, शिवाय आत दोन ओळी हाताने लिहिता येतात.

दुमडायचं कार्ड घेणार असाल तर वजन बघा. ५ रुपयांच्या तिकिटावर २० ग्रॅमपर्यंतचं पाकीट जातं. ए-४ दुमडून केलेलं कार्ड एकटंच १९ ग्रॅमच्या आसपास भरतं, पाकीट धरलं की जादा तिकीट आलंच. सपाट कार्डाला ही कटकट नाही. दिवाळीसाठी निदान तीन आठवडे आधी ऑर्डर टाका; शेवटच्या आठवड्यात यांचं ट्रॅकिंग ‘प्रिंटिंग’वरच अडकून बसतं आणि फोन कुणी उचलत नाही.