क्यूटचेस-सीएलआय: दहा डाव बघून इंजिन ठरवणाऱ्यांनी वापराच

बुद्धिबळ खेळणाऱ्या इंजिनचं (म्हणजे प्रोग्रॅमचं) नवीन व्हर्जन आलं की मी आधी काय करायचो, तर जुन्या-नव्याचे दहावीस डाव लावून समोर बसायचो आणि नवीन जास्त जिंकलं की खूश. आता दोन महिने क्यूटचेस-सीएलआय, म्हणजे इंजिनांची आपापसात मॅच लावून निकाल मोजणारा प्रोग्रॅम, वापरतोय आणि आधी जे काय ठरवलं होतं ते सगळं पाण्यात गेलंय.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, यूसीआय आणि एक्सबोर्ड (इंजिनशी बोलायच्या दोन ठरलेल्या पद्धती) दोन्ही प्रकारची इंजिनं चालतात. कमांड पहिल्यांदा लिहिताना डोकं धरून बसावं लागतं हे खरं, पण एकदा जमली की रात्री एंटर मारायचं आणि झोपायचं.

खरी गंमत आकड्यांत. १०० डाव लावले, नवीन ३० जिंकलं, २० हरलं, ५० बरोबरीत. मी म्हटलं झालं काम, आणि खाली बघतो तर इलो (खेळाच्या ताकदीचं रेटिंग) फरक ३५, आणि त्यात चूक असू शकते अधिक-उणे ४८! म्हणजे नवीन व्हर्जन जुन्यापेक्षा कच्चं निघायलाही जागा आहेच की. मग हट्टाने ४००० डावांपर्यंत नेलं तर त्या ३५ चे उरले ३, अधिक-उणे ८. डाव चौपट करा तेव्हा कुठे ती अधिक-उणेची भानगड निम्मी होते, त्यामुळे आता मी सरळ एसपीआरटी (डाव चालू असतानाच पुरावा मोजत राहणारी चाचणी) लावतो, फरक ० इलो की ५ इलो अशा दोन मर्यादा द्यायच्या, कुठल्यातरी एका बाजूने पुरेसा पुरावा जमला की मॅच आपोआप थांबते. उगाच गरजेपेक्षा जास्त डाव जाळायला नकोत.

माझ्या चुका पण सांगतो. ओपनिंगची फाइल द्यायला विसरलो तर इंजिनं तीच तीच सुरुवात दळत बसली. आता फाइल देतो आणि रिपीट लावतो, म्हणजे एकच ओपनिंग रंग बदलून दोनदा, पांढऱ्याचा फायदा दोघांनाही सारखा. दुसरी चूक याहून मोठी, घाईत कन्करन्सी (एका वेळी चालणारे डाव) ८ ठेवली, प्रोसेसरचे कोअर ४, वर ब्राउझर चालू. अख्ख्या डावाला १० सेकंद अधिक दर चालीला ०.१ सेकंद एवढ्याच वेळात दोन्ही इंजिनं जिंकत आलेले डाव घड्याळावर हरायला लागली. ती अख्खी रात्र फुकट गेली, निकाल डिलीट केले.

आत्ता हे मोबाइलवरून टाइप करतोय, लॅपटॉपवर २६०० वा डाव चालूये, त्याला हात लावायची हिंमत नाही.